बॅटरीची पारख

दिवाळीच्या अंकात पणत्यांविषयी लिहायचे सोडून हा गृहस्थ बॅटरीविषयी काय लिहीत बसला, असे आमच्या सदराच्या वाचकभगिनींना वाटेल. परंतु पणत्या चार दिवसांच्या. पुढे वर्षभर, वैशाखात वावटळीने तार तुटली किंवा आषाढात झड लागली, की घरातली सारी मंडळी अंधारात एकमेकांना एकच प्रश्न विचारतात, "बॅटरी कुठे आहे?" आणि ती सापडलीच तर पेटत नाही.

मराठीचा मास्तर या नात्याने मी येथे 'विजेरी' लिहायला हवे. शब्द गोड आहे. पण वर्ध्याच्या बाजारात मी एकदा "एक विजेरी द्या" म्हटले, तेव्हा दुकानदाराने अदबीने विचारले, "सर, इस्त्री पाहिजे की पंखा?" तेव्हा आपण बॅटरीच म्हणू, आणि तिच्या पोटात घालतात ते सेल.

१८९९ साली अमेरिकेत डेव्हिड मिसेल याला या नळीच्या दिव्याचे पेटंट मिळाले. त्या वेळचे सेल इतके दुबळे, की दिवा क्षणभर लावायचा आणि विझवायचा. म्हणूनच तिकडे त्याला 'फ्लॅशलाइट' म्हणू लागले. सेलू तालुक्यात शेती करणाऱ्या माझ्या थोरल्या भावाला हा इतिहास ठाऊक नव्हता. पण बॅटरी तो तशीच वापरी.

२०१६ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. त्या आठवड्यात शेतीपंपाला वीज रात्रीच मिळत होती. दादा मध्यरात्री कपाशीला पाणी द्यायला निघाला. हातात वडिलांच्या वेळची तीन सेलांची पितळी बॅटरी. सेल उतरलेले, उजेड हळदीसारखा पिवळा. तो पुरवायचा म्हणून दादा चार पावले बॅटरी लावी, चार पावले विझवी. वाट पायाखालचीच होती. विझवलेल्या चार पावलांत धुऱ्यावर घोणस होती.

पहाटे गाडी मिळेपर्यंत पाय मांडीपर्यंत सुजला. सेवाग्रामच्या इस्पितळात सर्पविषाची लस मिळाली, जीव वाचला. पण मूत्रपिंडांनी काम सोडले आणि कित्येक दिवस डायलिसिसवर काढावे लागले. वहिनींच्या पाटल्या त्यात गेल्या. "दिवाळीला येताना सेल आण," असे दादाने मला दोनदा सांगितले होते. मी चिवडा नेला, फटाके नेले, चार दिवाळी अंक नेले. सेल विसरलो. दादाने आजवर त्याचा उच्चार केलेला नाही. वहिनींनी एकदा केला.

तेव्हापासून मी बॅटऱ्यांचा परीक्षक झालो आहे. दुकानदार मला पाहून सुस्कारा टाकतात, पण मी हटत नाही.

पूर्वी बॅटरीची प्रतिष्ठा सेलांच्या संख्येवर असे. आता डब्यावर 'ल्यूमेन' छापतात. घरात माजघर ते मोरी एवढ्या प्रवासाला पन्नास ते शंभर ल्यूमेन पुष्कळ झाले. शेताला तीनशेच्या आसपास असावेत. स्वस्त मालावर हजारांचे आकडे दिसले तर लग्नाच्या पत्रिकेतल्या पदव्यांइतकाच त्यांच्यावर विश्वास ठेवावा. शिवाय ल्यूमेन म्हणजे एकंदर उजेड. तो कसा पडतो ते वेगळे. दूरवर जाणारा बारीक झोत रुबाबदार खरा, पण साप पायाजवळ असतो. म्हणून पसरट उजेड घ्यावा. 'वीस तास चालते' याचा अर्थही विचारून घ्यावा, कारण मोजण्याच्या रूढ पद्धतीत उजेड मूळच्या दहाव्या हिश्शावर येईपर्यंतचे तास धरतात. पावसाचे शिंतोडे सोसायला 'आयपीएक्स ४' पुरे. मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकायला 'आयपीएक्स ७' लागते. वणेच्या काठच्या हिंगणघाटकरांनी दुसरी घ्यावी.

रोजच्या कामाला चार्जिंगची बरी. मात्र ती महिनोन् महिने उतरलेली ठेवू नये, आणि आमच्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात मोटारीच्या कप्प्यात तर मुळीच नाही. लिथियमच्या सेलाला उष्णता मानवत नाही. अडीअडचणीसाठी साध्या पेन्सिल सेलांची दुसरी असावी, कारण हे सेल कुठल्याही किराणा दुकानात मिळतात. सेल आत घालून वर्षभर ठेवले तर पाझरतात आणि बॅटरीचे आतडे कुजवतात. आमच्या घरी ते बाहेर काढून, रबराने तिलाच बांधून, दाराजवळच्या खिळ्याला टांगलेले असतात. जुना सेल आणि नवा सेल यांचा जोडा लावू नये.

"मोबाइलला दिवा आहे की!" असे चिरंजीव म्हणतात. आहे, पण दंश झाल्यावर गाडी बोलवायची ती त्याच मोबाइलवरून. दिव्यापायी तो संपला तर काय करणार?

दादा आता कपाळाला बांधायची बॅटरी वापरतो. दोन्ही हात मोकळे राहतात, एकात काठी आणि एकात फावडे. गावातली पोरे त्याला 'इंजिन' म्हणतात.

यंदा गावी जायची पिशवी भरताना तळाशी आधी आठ सेल ठेवले आहेत. दादाची बॅटरी चार्जिंगची, त्याला ते लागत नाहीत. सौ.नेही ते सांगून पाहिले. तरी नेणार आहे.