परक्या विमानातली रिकामी खुर्ची

११ फेब्रुवारी २००९ च्या संध्याकाळी कोलगन एअर या अमेरिकी कंपनीची एक तरुण फर्स्ट ऑफिसर सिअ‍ॅटलहून कामाला निघाली. घर पश्चिम किनाऱ्यावर आणि बेस, म्हणजे ड्युटीला हजर व्हायचा विमानतळ, पार पूर्वेला नुअर्कला. मधला देश तिने फेडेक्सच्या मालवाहू विमानांतून ओलांडला. आधी मेम्फिस, तिथे अपरात्री थोडी झोप, मग दुसऱ्या विमानाने नुअर्क. पोचली तेव्हा सकाळचे साडेसहा होत आले होते. दिवस क्रू रूममध्ये गेला आणि रात्री ती बफेलोच्या फेरीवर निघाली. ते विमान धावपट्टी गाठण्याआधीच एका घरावर कोसळलं. विमानातले ४९ आणि घरातला एक, अशी पन्नास माणसं गेली.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने दोष थकव्यावर टाकला नाही. वेग धोक्याइतका घटल्याचा इशारा मिळाल्यावर नाक खाली करायचं सोडून कॅप्टनने ते वर ओढलं, हे त्यांनी मुख्य कारण ठरवलं. दोघेही थकलेले असावेत, पण त्याचा वाटा किती हे सांगता येत नाही, असंही नोंदवलं. हा निष्कर्ष मला मान्य आहे. तरीही ती रात्र माझ्या मनातून जात नाही, कारण अशा रात्री कुठल्याही हिशेबात धरल्या जात नाहीत.

कॉकपिटमध्ये किंवा त्याच्या लगेच मागे जी जादा आसनं असतात, त्यांना जंपसीट म्हणतात. ती मुळात तपासनीस आणि प्रशिक्षकांसाठी. रिकामी असली तर दुसऱ्या कंपनीच्या वैमानिकाला तिथे विनाभाडं बसू द्यायचं, ही या व्यवसायातली जुनी रीत आहे. एसटीच्या केबिनमध्ये दुसऱ्या डेपोचा ड्रायव्हर बसून गावी जातो, तसंच हे. हक्क कुणाचाच नाही. कॅप्टनला भेटून परवानगी मागायची आणि तो नाही म्हणाला तर मुकाट्याने परत फिरायचं. मालवाहू विमानं रात्री उडतात, प्रवासी विमानं बंद असतात तेव्हाही उडतात, म्हणून लांब राहणाऱ्यांना त्यांचा मोठा आधार. ही रीत मला फार मोलाची वाटते. एकमेकांच्या स्पर्धक असलेल्या कंपन्यांची माणसं एकमेकांना घरी पोचवतात, असे धंदे जगात थोडेच उरलेत.

या रीतीवर संशयाची सावली आहे, आणि ती उगाच नाही. ७ एप्रिल १९९४ रोजी मेम्फिसहून सॅन होजेला निघालेल्या फेडेक्सच्या डीसी-१० मध्ये जंपसीटवरच्या माणसाने तिघा चालकांवर हातोड्यांनी हल्ला केला. कवट्या फुटलेल्या अवस्थेत त्यांनी विमान मेम्फिसला परत आणलं. जीव वाचले, वैमानिकीचं आयुष्य संपलं. पण हल्लेखोर परका नव्हता, तो फेडेक्सचाच फ्लाइट इंजिनिअर होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये हॉरायझनच्या प्रवासी विमानात जंपसीटवरच्या ज्या वैमानिकाने चालू इंजिनं बंद करण्याचा प्रयत्न केला, तोही अलास्का एअरलाइन्सचा, म्हणजे भगिनी कंपनीचाच. ‘बाहेरच्यांना बसवू नका’ या म्हणण्याला या घटनांतून काही बळ मिळत नाही.

११ सप्टेंबर २००१ नंतर ही दारं धडाधड बंद झाली. मग अमेरिकेत संगणकीय पडताळणी आली. हा माणूस खरंच त्या कंपनीत नोकरीला आहे का, फोटो त्याचाच आहे का, हे गेटवर काही क्षणांत कळतं. देशांतर्गत फेऱ्यांचा प्रश्न यामुळे बराचसा सुटला.

आंतरराष्ट्रीय मालवाहू फेरीवर तेवढ्याने भागत नाही. तिथे हा पाहुणा धड प्रवासी नसतो आणि त्या फेरीचा क्रूही नसतो. अमेरिकेच्या सीमाशुल्क नियमांत पूर्ण मालवाहू विमानांतल्या अशा माणसांसाठी वेगळा वर्गच आहे आणि त्यांची नावं आधीच कळवावी लागतात. विमान ज्या देशात उतरणार तिथे कामावरच्या क्रूला मिळणारी प्रवेशाची सवलत याला गृहीत धरता येत नाही; व्हिसा स्वतःचा हवा. एवढी छाननी असू द्यावी, आणि ती पार करणाऱ्याला बसू द्यावं, असं माझं मत आहे. अनेक मालवाहू विमानांत कॉकपिटला प्रवासी विमानासारखं भक्कम दार नसतं, त्यामुळे माणसाची पारख आधीच व्हायला हवी.

माझी खरी तक्रार पुढची आहे. हाँगकाँगहून अँकरेजला मालवाहू विमान नऊ-दहा तासांत येतं. कंपनीने वैमानिकाला कामासाठी त्या विमानात बसवून पाठवलं, तर तो वेळ विश्रांती म्हणून धरता येत नाही. त्याच आसनावर तो स्वतःच्या सोयीने, कामावर हजर व्हायला आला, तर ते तास त्याचे खाजगी. शरीराला मात्र हा फरक कळत नाही. कोलगनच्या अपघातानंतर या प्रवासाचा अभ्यास करवून घेतला गेला. २०११ च्या अहवालाने नियम करायला पुरेशी माहिती नाही असं सांगितलं आणि जबाबदारी वैमानिकाच्या विवेकावर राहिली. पगार कमी, बेसच्या शहरात भाडं परवडत नाही, आणि कंपनी बेस कधीही बदलू शकते. अशा माणसाने ‘मी आज थकलोय’ म्हणून फोन करावा, ही अपेक्षा मला निष्ठुर वाटते.

दुसरा रस्ता आहे. कलिट्टा एअर ही मालवाहू कंपनी वैमानिकाला त्याच्या घराजवळच्या विमानतळावरून कामापर्यंत तिकीट काढून नेते. तिची विमानं चालतात, धंदाही चालतो.

जंपसीटवर येणारा आपली सुरक्षितता यजमान क्रूच्या हाती देतो, हेही लक्षात घ्यायला हवं. २३ फेब्रुवारी २०१९ रोजी मायामीहून ह्यूस्टनला जाणारं अ‍ॅटलास एअरचं बोइंग ७६७ टेक्सासमधल्या ट्रिनिटी बेमध्ये कोसळलं. दोन चालकांबरोबर तिसरा गेला तो मेसा एअरलाइन्सचा कॅप्टन, केवळ जागा मिळाली म्हणून बसलेला.

म्हणून यजमान क्रू किती थकलेला आहे, हा पाहुण्याच्याही जिवाचा प्रश्न ठरतो. आणि इथे अमेरिकेच्या नियामकाने केलेली वाटणी मला अन्यायाची वाटते. कोलगननंतर वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे, कडक नियम आले, जानेवारी २०१४ पासून लागू झाले आणि त्यांतून मालवाहू कंपन्या वगळल्या गेल्या. खर्च जास्त आणि फायदा कमी, असा हिशेब नियामकाने मांडला. यूपीएसच्या वैमानिकांची संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेली आणि हरली. तो हिशेब पुन्हा मांडायला हवा. मालवाहू वैमानिकांना तेच नियम लावावेत, आणि कामावर हजर होण्याआधीचे प्रवासाचे तास, मग ते जंपसीटवर काढलेले का असेनात, वैमानिकाला नोंदवू द्यावेत. त्या नोंदीवरून फेरी नाकारणाऱ्याचा पगार कापता येणार नाही, असं नियमातच लिहून ठेवावं.