पडद्यावरची मैत्रीण

जिला आपण कधी भेटलो नाही, जिच्याशी एक शब्दही बोललो नाही, तिला मैत्रीण म्हणावं का? तुम्ही म्हणाल, हे कसलं खूळ! पण माझी अशी एक मैत्रीण होती. मला वाटतं, तुमच्यापैकी पुष्कळजणींचीही ती होती. तिचं नाव प्रिया तेंडुलकर.

१९८५ साल आठवतंय ना? आमचं कुपवाड तेव्हा सांगली-मिरजेला लागून असलेलं एक गाव होतं. तिन्ही मिळून महानगरपालिका झाली ती पुढे १९९८ साली. आमच्या आळीत टीव्ही एकच. रविवारी सकाळी ‘रजनी’ची वेळ झाली की कुणी कणकेच्या हातानं, कुणी कडेवर पोर घेऊन त्या घरात जमायचं. बासू चटर्जींच्या त्या मालिकेतली रजनी आपल्यासारखीच संसारी बाई. पण गॅसचं सिलिंडर असो की टॅक्सीचं भाडं, अन्याय दिसला की जाब विचारल्याशिवाय ती गप्प बसायची नाही. मुंबईतले टॅक्सीवाले तर एका भागावर इतके चिडले, की त्यांनी दूरदर्शनवर मोर्चा नेला! आम्ही बायका मात्र खूश. पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, ग्राहक संरक्षण कायदा झाला. तो रजनीमुळे झाला असं मी म्हणत नाही. पण रेशनच्या दुकानात वजन पुन्हा करायला लावण्याचा धीर आम्हाला तिनंच दिला, हे खरं.

पुढे कळलं, ही विजय तेंडुलकरांची लेक. ‘अंकुर’ सिनेमात काम केलेली, स्वतः कथा लिहिणारी. पण आमच्या लेखी ती रजनीच.

आणि मग १९ सप्टेंबर २००२ रोजी प्रिया गेली. वय अवघं ४७. स्तनाच्या कॅन्सरशी ती झुंजत होती, शेवटी हृदयविकाराचा झटका आला. दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर बसून मी पेपरातली बातमी वाचून दाखवत होते. शेजारच्या वैनी तांदूळ निवडत होत्या. वाचता वाचता माझा गळा दाटला. एका नटीसाठी रडू यावं, याची लाजही वाटली. वर पाहिलं तर वैनींचा हात थांबलेला.

“ताई, मला बी हाय अशी गाठ. आठ म्हैने झालं.”

माझ्या हातातला पेपर तसाच राहिला. “अहो वैनी, मग बोलला का नाहीत?”

“दुखत न्हाई की. आदी पोरीचं लगीन उरकू दे म्हटलं. आन् असलं कुणाला सांगायचं?”

मैत्रिणींनो, त्या वाक्यानं मला फार लागलं. रोज एका नळावर पाणी भरणाऱ्या आम्ही. जिला कधी पाहिलं नाही तिच्यासाठी मी रडत होते, आणि जिचा चेहरा रोज दिसत होता तिला मी एकदाही “बरं आहे ना?” म्हणून नीट विचारलं नव्हतं. रजनीसारखं दुकानदाराशी भांडायला आम्ही शिकलो. स्वतःच्या अंगाविषयी बोलायला मात्र शिकलो नाही.

दुसऱ्या दिवशी दोघी मिरजेला गेलो. डॉक्टर वानलेस यांनी १८९४ साली तिथं मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. त्यामुळे आम्हाला लांब जावं लागलं नाही. गाठ कॅन्सरचीच निघाली. स्तन काढावा लागला, पुढचे उपचार सोसावे लागले, केस गेले. त्यानंतर वैनी नऊ वर्षं जगल्या. लेकीचं लग्न त्यांनी डोक्याला पदर घेऊन पार पाडलं, नातवाला तेल लावून न्हाऊ घातलं. शेवटी दुखणं उलटलं. पण ती नऊ वर्षं त्यांना मिळाली, आणि आठ महिने आधी बोलल्या असत्या तर कदाचित आणखीही मिळाली असती. हा ‘कदाचित’ माझ्या मनातून जात नाही.

म्हणून आज चार गोष्टी सांगते. गाठ दुखत नाही म्हणजे ती निरुपद्रवी, हे मनातून काढून टाका. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. महिन्यातून एकदा, पाळी संपल्यावर दोन-चार दिवसांनी, आरशासमोर उभं राहून पाहावं. पाळी गेली असेल तर महिन्याची एक तारीख ठरवावी. मग बोटांच्या पेरांनी सगळीकडून, काखेतसुद्धा, चाचपावं. नवी गाठ, कातडीला खळी, आत ओढलं गेलेलं बोंड, त्यातून येणारं रक्त, यांतलं काहीही दिसलं की डॉक्टरांकडे जावं. घाबरू मात्र नका. बहुतेक गाठी साध्याच निघतात. पण ते डॉक्टरांना ठरवू द्या, आपण नव्हे.

नुसत्या हाताच्या तपासणीनं काय होणार, असं म्हणू नका. मुंबईत टाटा हॉस्पिटलनं ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्याजणींना दहावीपर्यंत शिकलेल्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं तपासत. २०२१ साली निष्कर्ष आला: तपासलेल्या बायकांचा आजार लवकर सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. तिशीनंतर अशी तपासणी सरकारी आरोग्य केंद्रातही होते. खर्चाची धास्ती असेल तर रेशनकार्ड घेऊन महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा. कॅन्सरचे उपचार तिच्यात बसतात.

आणि हो, शेजारणीलाही विचारा. नळावर, भिशीला, हळदीकुंकवाला, जिथं भेटेल तिथं. “हे कुणाला सांगायचं?” असा प्रश्न आपल्या आळीतल्या एकीलाही पडू नये.

दर सप्टेंबरात मला दोघी आठवतात. एक पडद्यावरची, एक ओट्यावरची. पडद्यावरचीला ओट्यावरची कधी ठाऊक नव्हती. पण जाता जाता तिनं तिला नऊ वर्षं दिली. अशा बाईला मैत्रीण नाही तर काय म्हणायचं, तुम्हीच सांगा!

बरं, पुढच्या आठवड्यात पापडाच्या पिठाविषयी बोलू. पण त्याआधी आजची तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवा. कशाची, ते तुम्हाला कळलंच आहे.