प्रांत कार्यालयात बसवा समाजकार्यकर्ता

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, कडेगाव या पट्ट्यातली माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली. सोने-चांदी गाळून मिळवलेल्या पैशातून त्यांनी गावाकडे बंगले बांधले. मागाहून टेंभू-ताकारी सिंचन योजनांचे पाणी आले, ऊस आला, वांगीला सोनहिरा कारखाना उभा राहिला. बंगल्यात मात्र बऱ्याचदा दोन म्हातारी माणसेच राहतात, कधी एकच.

अशा घराचे दार नेमाने ठोठावते ती आशाताई. तिशीपुढच्या प्रत्येकासाठी भरायचा तक्ता तिच्याकडे असतो. तंबाखू खाता का, कमरेचा घेर किती, घरात कुणाला मधुमेह आहे का. साठीपुढच्यांना आणखी थोडे प्रश्न. चालताना तोल जातो का, रोजच्या कामांना मदत लागते का, जवळच्यांची नावे विसरता का. पेन्शनचे पैसे बँकेतून कोण काढून आणते, सातबारा कुणाच्या नावावर गेला, घरात कुणी हात उगारते का, हे त्या तक्त्यात नाही. आणि तिने विचारायचे ठरवले, तरी चहाचा कप घेऊन सून समोर उभी असताना सासू काय सांगणार? म्हाताऱ्या माणसाला बाजूला घेऊन, त्याचा मान राखून बोलते करणे शिकावे लागते. ऐकलेले गावभर न करणे, हेही शिकावेच लागते.

कायद्यांची कमतरता नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा 2007 चा कायदा म्हणतो की, मुले सांभाळत नसतील तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा. कडेगावला प्रांत कार्यालय आहेच. महिन्याला दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो, निकाल साधारण 90 दिवसांत लागावा अशी अपेक्षा आहे. सुनावणीआधी समेट घडवायला मध्यस्थ नेमता येतो, त्याला एक महिना मिळतो. कायदा करताना वकील मुद्दाम बाजूला ठेवले. त्याऐवजी जिल्हा समाजकल्याण अधिकाऱ्याने, म्हातारीची इच्छा असेल तर, तिची बाजू मांडायची. हा अधिकारी बसतो सांगलीत आणि त्याच्या टेबलावर शिष्यवृत्त्यांपासून वसतिगृहांपर्यंत सगळ्या फायली.

याच कायद्यातले एकच कलम घ्या, 23 वे. सांभाळण्याच्या बोलीवर जमीन बक्षीसपत्राने दिली आणि मुलाने सांभाळले नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितले की, हस्तांतरणाला सांभाळण्याची अट होती हे दाखवावे लागेल. जानेवारी 2025 मध्ये त्याच न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने, उदारपणे लावावा असे म्हटले. म्हणजे म्हातारी रडत आली की पहिला प्रश्न ‘कोण मारतो’ एवढाच नसतो. ‘कागद आणलाय का, सही कधी केली, त्या वेळी काय ठरले होते’ हेही विचारायचे असते. हे ठाऊक नसलेला भला माणूस तिला समजूत घालून घरी पाठवतो. गावात याला ‘मिटवले’ म्हणतात.

तीच गत मानसिक आजाराची. 2017 च्या कायद्याप्रमाणे रस्त्यावर भटकणाऱ्या, स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या मनोरुग्णाला पोलिसांनी ताब्यात नव्हे, संरक्षणात घ्यायचे आणि 24 तासांत सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचे. ठाण्यातल्या हवालदाराला हा फरक कुणी समजावून दिलेला असतो?

दोन्ही कायद्यांत अधिकारी-पोलिसांना वेळोवेळी प्रशिक्षण द्यावे असे लिहिले आहे. पण अर्धा दिवस सभागृह, पडद्यावर कलमांची यादी, हजेरीपटावर सही, यापलीकडे गेल्याशिवाय त्याला प्रशिक्षण म्हणता येणार नाही. पोहायला फळ्यावर शिकवण्याचा हा प्रकार आहे.

उत्तर शोधायला लांब जायला नको. सांगलीतच ‘संग्राम’ संस्थेने 1992 पासून वेश्याव्यवसायातल्या बायकांनाच प्रशिक्षण देऊन एचआयव्ही प्रतिबंधाच्या कामात उतरवले. त्यातून पुढे त्यांची स्वतःची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. पलीकडे साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेल्या ‘परिवर्तन’ने व्यसनमुक्ती आणि मनाच्या आजारांचे काम वर्षानुवर्षे चालवले. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांना ‘मानसमित्र’ म्हणून तयार करण्याचा प्रयोगही याच विचारातला. डिग्री नसलेली माणसेही नाजूक काम नीट करतात. पाठीशी जाणता माणूस असावा लागतो, आणि तोही एका दिवसापुरता नाही.

डिग्रीवाले तरी कुठे आहेत? साताऱ्याजवळ जकातवाडीला आणि कोल्हापूरच्या ‘सायबर’ संस्थेत एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण होते. या शिक्षणाचा कणा म्हणजे फिल्डवर्क: विद्यार्थी ठरलेल्या दिवशी संस्थेत जातो, काय घडले ते लिहितो आणि मार्गदर्शक ते त्याच्यासमोर उलगडतो. मुंबईत 1936 मध्ये टाटांची समाजकार्याची शाळा निघाली, तिथपासूनची ही रीत. शिकलेली मुले मात्र नोकरीला कंपन्यांच्या सीएसआर विभागात नाहीतर पुण्या-मुंबईच्या दवाखान्यांत जातात. तालुक्याला त्यांच्यासाठी पदच नाही. इंग्लंडमध्ये 2019 पासून ‘सोशल वर्क इंग्लंड’कडे नोंदणी असल्याशिवाय सोशल वर्कर म्हणवताही येत नाही. आपल्याकडे समाजकार्याची अशी स्वतंत्र परिषदच नाही. 2021 च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यात आले ते वैद्यकीय, मनोविकार अशा दवाखान्याशी जोडलेल्या कामातले समाजकार्यकर्तेच.

परिषद येईल तेव्हा येईल. तोवर कडेगावच्या न्यायाधिकरणाला फिल्डवर्कचे केंद्र करायला काय हरकत आहे? दोन विद्यार्थी आणि एक पगारी मार्गदर्शक. अर्जदाराच्या घरी जाणे, कागद गोळा करणे, निकालानंतर भत्ता खरेच हातात पडतो का ते पाहणे, ही त्यांची कामे. महिन्याला एकदा तालुक्यातल्या काही आशाताई आणि पोलीस पाटील त्यांच्यासोबत बसतील, नावे झाकून खऱ्या प्रकरणांवर बोलतील. त्या दिवसाचा भत्ता मिळालाच पाहिजे, कारण आशाताईंकडून फुकट कामे करून घेण्याची सवय सरकारला आधीच फार आहे. कुणी म्हणेल, विद्यार्थी अपुरे पडतील. पडतील. पण मार्गदर्शकाचे पद कायम असेल, तर दरवर्षीच्या नोंदी पुढच्या तुकडीच्या हाती राहतील.

यासाठी नवा कायदा लागत नाही. सांगलीच्या समाजकल्याण कार्यालयाने एका पदाची तरतूद मागितली आणि दोन्ही कॉलेजांना पत्र पाठवले, तर पुढच्या सत्रापासून ही मुले कडेगावच्या एसटीत बसू शकतात.