परत आलेले पुस्तक

मागच्या हिवाळ्यात मी पाठवलेले एक पुस्तक पोस्टाने परत आले. पत्ता बरोबर होता, तिकिटेही पुरेशी होती. पाकिटावर फक्त एक शिक्का होता. त्याचा अर्थ असा की पुस्तक थेट प्रकाशकाकडून किंवा दुकानातूनच आले पाहिजे.

झाले असे की माझ्या लॅबमधल्या एका सहकाऱ्याचा धाकटा भाऊ दुसऱ्या एका राज्यात काउंटी जेलमध्ये होता. खटला उभा राहायचा होता आणि जामिनाचे पैसे घरच्यांकडे नव्हते. वेळ जाईना म्हणून त्याने गणिताचे पुस्तक मागितले. माझ्याकडे पीएच.डी.च्या काळातले, समासात पेन्सिलीने खरडलेले एक होते, ते मी पाठवले. तेच परत आले.

आमचे कॅरी म्हणजे हिरवळ, तळी आणि चांगल्या शाळा. काउंटीचे जेल शेजारी रॅलेला, त्यामुळे आपल्या लोकांचा त्याच्याशी संबंध येत नाही. इथे 'जेल' आणि 'प्रिझन' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मलाही उशिराच कळले. प्रिझन राज्याचे किंवा केंद्राचे, तिथे मुख्यतः शिक्षा झालेले लोक. जेल काउंटीचे, तिथे बहुतेक करून खटल्याची वाट बघणारे. म्हणजे आपल्याकडचे कच्चे कैदी. कायद्याच्या नजरेत ते अजून निर्दोष असतात.

शिक्क्यामागचा नियम जुना आहे. 1979 साली 'बेल विरुद्ध वुल्फिश' खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पुठ्ठा बांधणीची पुस्तके फक्त प्रकाशक, दुकान किंवा बुक क्लबकडूनच घेण्याचा नियम उचलून धरला. तो खटलाही न्यूयॉर्कमधल्या कच्च्या कैद्यांचाच होता. कारण दिले ते सुरक्षेचे: बांधणीत काहीही लपवता येते. कारण खोटे नाही. आज तर कागद अमली द्रवात भिजवून पाठवल्याची प्रकरणे होतात. 2021 पासून नॉर्थ कॅरोलिनाच्या राज्य तुरुंगांत साधे घरगुती पत्रही एका खासगी कंपनीकडे जाते आणि कैद्याच्या हाती स्कॅन केलेली प्रत पडते. आईचे अक्षर दिसते, पण तिने हाताळलेला कागद मिळत नाही.

हे सगळे वाचताना मला एक मराठी पुस्तक आठवले, 'अणूच्या अंतरंगात'. लेखक प्रभाकर संझगिरी, कम्युनिस्ट कार्यकर्ते. चीन युद्धानंतरच्या आणीबाणीत भारत संरक्षण नियमांखाली ते मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी सरकारच्या परवानगीनेच हे विज्ञानाचे पुस्तक लिहिले. 1964 साली त्यांनी हस्तलिखित छापण्यासाठी पत्नीकडे पाठवायची परवानगी मागितली, तर सरकार म्हणाले, नाही!

गंमत बघा. टिळकांनी मंडालेला लिहिलेल्या 'गीतारहस्या'च्या वह्या इंग्रज सरकारने ठेवून घेतल्या होत्या, पण सुटकेनंतर परत दिल्या आणि 1915 साली ग्रंथ छापून आला. इथे स्वतंत्र भारताचे सरकार अणूवरच्या पुस्तकाला घाबरत होते. मुंबई उच्च न्यायालयाने हस्तलिखित पाठवू द्या म्हटल्यावर सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले.

सरकारचा युक्तिवाद आम्हा इंजिनियर मंडळींच्या परिचयाचा आहे. फायरवॉल दोन प्रकारे लावता येते. एकीत जे लिहून ठेवले आहे तेवढेच आत-बाहेर जाते, बाकी सगळे बंद. दुसरीत जे लिहिले आहे तेवढेच अडते, बाकी सगळे चालू. सरकारचे म्हणणे पहिल्या प्रकारचे होते: माणूस स्थानबद्ध झाला की त्याचे स्वातंत्र्य संपले, आणि स्थानबद्धांसाठीच्या 1951च्या आदेशात ज्या सवलती आहेत तेवढ्याच त्याच्या, पुस्तक बाहेर पाठवण्याची सवलत त्यात नाही. 1965 साली न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी ते खोडून काढले. त्या अटी म्हणजे निर्बंध आहेत, सवलतींची यादी नव्हे. नाहीतर जेवण देण्याची अट लिहिलेली नसेल तर कैद्याला उपाशीही मारता येईल! सरकार हरले.

मला वाटते, तुरुंगाबद्दलचा कोणताही वाद शेवटी इथेच येतो. यादीत नसलेल्या गोष्टीचे काय? फायरवॉलसाठी 'बाकी बंद' हेच शहाणपणाचे, कारण पलीकडे अनोळखी यंत्र असते. तुरुंगात आत माणूस असतो. तिथे 'बाकी चालू' हवे, आणि अडवायचे असेल तर कारण देण्याची जबाबदारी अडवणाऱ्याची हवी. पुस्तक तपासायला वेळ लागतो, माणसे लागतात, हे मान्य. पण प्रकाशकाकडूनच घ्या या नियमाने तो खर्च वाचत नाही, तो फक्त कैद्याच्या घरच्यांवर ढकलला जातो. आणि जामीन भरता न आल्याने जो आत आहे, त्याचे घर श्रीमंत नसते हे उघड आहे.

आपल्याकडे तरी 1965चा धडा मुरला आहे का? 2020 साली नवी मुंबईच्या तळोजा तुरुंगात गौतम नवलखांचा चष्मा हरवला आणि घरून आलेला दुसरा चष्मा घेतला गेला नाही. उच्च न्यायालयाला माणुसकीची आठवण करून द्यावी लागली. पुढे त्यांना पी. जी. वुडहाउसचे पुस्तक सुरक्षेच्या कारणाने नाकारले गेले. वुडहाउस! 2022च्या सरकारी आकडेवारीनुसार भारतातल्या तुरुंगांत दर चारांपैकी तीन कैदी कच्चे आहेत. म्हणजे हा नियम बहुतांशी दोषी न ठरलेल्यांनाच लागतो.

असो. मी त्याच पुस्तकाची नवी प्रत दुकानातून थेट जेलच्या पत्त्यावर मागवली. ती पोचली. परत आलेली जुनी प्रत माझ्या टेबलावर आहे. समासातल्या पेन्सिलीच्या टिपा त्या मुलाला उपयोगी पडल्या असत्या, नव्या प्रतीत त्या नाहीत.