तीन वर्षे फक्त कागदावर

गेल्या महिन्यात आलेल्या नगरपरिषद मुख्याधिकाऱ्यांच्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच प्रशिक्षणावर आहे. कंपनीचे सीईओ धडाडीने निर्णय घेतात, तसे तुम्हीही घ्या, असे व्याख्याते सांगून गेले. तुलना करायचीच तर ती पुरती करावी.

कंपनी कायदा 2013 प्रमाणे व्यवस्थापकीय संचालकाला एका वेळी पाच वर्षांपर्यंत नेमता येते. आपली माणसे तो निवडतो, तोट्यातला विभाग बंद करतो. मुख्याधिकाऱ्याच्या हाती मंजूर आकृतिबंध आणि त्यातली रिक्त पदे येतात. तोटा आहे म्हणून पाणीपुरवठा बंद करता येत नाही आणि येऊही नये. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पदावधीची आहे.

महाराष्ट्राच्या 2005 च्या बदली अधिनियमाने सर्वसाधारण पदावधी तीन वर्षे ठरवला. मुदतपूर्व बदलीला कलम 4(5) खाली लेखी कारणे आणि वरिष्ठ प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते. प्रत्यक्ष आदेशात येते ते 'प्रशासकीय कारणास्तव', एवढेच. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने (मॅट) असे आदेश वेळोवेळी रद्द केले, तरी मंत्रालयातल्या टिप्पणीची भाषा तीच. घनकचरा प्रकल्पाची तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा असे करत कार्यादेश निघेपर्यंत अधिकारी बदललेला असतो. लेखा आक्षेप मात्र त्याचा पाठलाग पुढच्या नगरपरिषदेपर्यंत करतात. नवा अधिकारी जुन्याच्या नस्तीवर सही करायला धजत नाही, आणि गावचा कचरा तिथेच राहतो.

सरकारी चौकटीत नेतृत्व उभेच राहत नाही, हे आम्हाला मान्य नाही. रेल्वे अभियंता ई. श्रीधरन 1990 मध्ये कोकण रेल्वेवर आले आणि रोह्यापासून मंगळुरूपर्यंतचा अवघड मार्ग त्यांनी तडीस नेला. दिल्ली मेट्रोत ते 2011 अखेरपर्यंत होते. पैसा सार्वजनिकच होता; त्यांना वेळ मिळाला आणि सहकारी निवडू दिले गेले.

आता आपल्या लोकांविषयी. दुसऱ्याची मुदत संपण्याआधी त्याच्या खुर्चीसाठी शिफारसपत्र घेऊन मंत्रालयात बसणारे आपल्याच संवर्गातले आहेत. त्यांच्यामुळे कलम 4(5) चा अपवाद हाच नियम होऊन बसला. ही शिफारसपत्रे आणणे बंद करा! मुदतपूर्व आदेश हाती पडताच माहिती अधिकारात टिप्पणी मागवा. कारणे किंवा पूर्वमान्यता नसेल तर तात्काळ मॅटमध्ये जा. वकिलाचा खर्च संघटनेने उचलावा, कारण एकट्या अधिकाऱ्याला तो झेपत नाही. आणि अशा प्रत्येक आदेशाची प्रत आमच्याकडे पाठवा. नावे गाळून, तारखांसह, आम्ही ते छापू.