राउटर भाड्याचा की मालकीचा?

थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण बचतीचा विषय निघाला की हमखास आठवते. ज्या थेंबांनी तळे साचते, त्याच थेंबांनी ते रितेही होते, ही तिची दुसरी बाजू मात्र सहसा ध्यानात घेतली जात नाही. अनेक घरांत इंटरनेटच्या देयकातून असाच एक थेंब दरमहा गळत असतो. ‘उपकरण भाडे’, ‘मोडेम शुल्क’ किंवा ‘राउटर भाडे’ अशा एखाद्या नावाने तो देयकाच्या तळाशी नोंदलेला असतो. रक्कम लहान, म्हणून तिच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. प्रस्तुत लेखात याच लहान रकमेचा विचार करावयाचा आहे. जी वस्तू आपल्या घरात वर्षानुवर्षे राहणार आहे, ती भाड्याने ठेवणे हा बहुतेक कुटुंबांना महागात पडणारा व्यवहार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

भाड्याची ही पद्धत रूढ कशी झाली, हे प्रथम पाहू. आपल्या देशात सर्वसामान्य नागरिकांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केली. पुढे २००४ मध्ये केंद्र सरकारने ब्रॉडबँड धोरण जाहीर केले आणि सेकंदाला किमान २५६ किलोबिट वेग देणाऱ्या जोडणीला ‘ब्रॉडबँड’ म्हटले जाऊ लागले. जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमाची ‘डेटावन’ सेवा आली. मोडेम विकत घ्यावयाचा की भाड्याने, हा प्रश्न तेव्हा जोडणीचा अर्ज भरतानाच ग्राहकापुढे उभा राहत असे. तंत्र नवे होते, यंत्र बिघडले तर कोणाकडे जावे हे ठाऊक नव्हते आणि बाजारात निवडीस फारसा वाव नव्हता. अशा वेळी भाड्याचा पर्याय स्वीकारणाऱ्याला कोणी दोष देणार नाही.

आज परिस्थिती पालटली आहे. ब्रॉडबँडची किमान वेगमर्यादा २०२३ मध्ये सेकंदाला २ मेगाबिट करण्यात आली आणि शहरांतील घरांत प्रत्यक्ष वेग त्याच्या कितीतरी पट मिळतो. तांब्याच्या तारेची जागा फायबरने घेतली. चांगला राउटर तालुक्याच्या गावातील दुकानातही मिळू लागला आणि अनेक नामांकित कंपन्या त्यावर तीन वर्षांची हमी देतात. परिस्थिती बदलली, तरी भाडे देण्याची सवय मात्र पुष्कळ घरांत तशीच राहिली आहे.

हिशेब काय सांगतो?

आपण उदाहरणादाखल सोपे आकडे घेऊ. समजा, राउटरचे भाडे महिन्याला १०० रुपये आहे. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला, म्हणजे ११८ रुपये झाले. तशाच प्रतीचा राउटर बाजारात करासह २,००० रुपयांना मिळतो, असे मानू. सतराव्या महिन्यात आपण भाड्यापोटी २,००६ रुपये दिलेले असतात, म्हणजे राउटरची पूर्ण किंमत फिटलेली असते. तीन वर्षांत ही रक्कम ४,२४८ रुपये होते आणि पाच वर्षांत ७,०८० रुपये. इतके देऊनही राउटर आपला होत नाही, तो परतच करावा लागतो.

आपल्या देयकातील आणि आपल्या गावातील आकडे निराळे असतील. रीत मात्र हीच ठेवावी. उपकरणाच्या किमतीला करासह मासिक भाड्याने भागावे. जो आकडा येईल, तितक्या महिन्यांहून अधिक काळ जोडणी ठेवावयाची असेल, तर खरेदी स्वस्त पडते. त्याहून कमी काळ ठेवावयाची असेल, तर भाडे स्वस्त पडते. घरासाठी किंवा वाहनासाठी कर्ज घेताना आपण हप्त्यांची संख्या, व्याज आणि एकूण परतफेड बारकाईने तपासतो. तेवढी नाही, तरी त्यातली थोडीशी चिकित्सा या देयकाच्या वाट्याला यावयास हवी.

अनामत आणि भाडे यांतील भेद

काही कंपन्या भाडे न घेता परत मिळणारी अनामत रक्कम घेतात. पुष्कळ ग्राहकांना दोन्ही एकच वाटतात. वस्तुतः त्यांत मोठे अंतर आहे. २,००० रुपये अनामत ठेवली आणि तीच रक्कम वर्षाला ६ टक्के व्याजाने ठेवीत गुंतवता आली असती असे धरले, तर आपले बुडालेले व्याज वर्षाला १२० रुपये होते, म्हणजे महिन्याला केवळ १० रुपये. ११८ रुपयांच्या भाड्यापुढे हा सौदा निश्चितच चांगला आहे. अर्थात, अनामत परत मिळाली तरच. ती मिळाली नाही, तर आपण यंत्राची किंमतही मोजली आणि मालकीही मिळवली नाही, अशी स्थिती होते. म्हणून अनामतीची पावती जपून ठेवावी. जोडणी बंद करताना यंत्र, त्याचा अडॅप्टर आणि तारा परत दिल्याची लेखी पोच घ्यावी. बँकेत पैसे भरल्यावर आपण शिक्का मारलेली पावती घेतल्याशिवाय खिडकीपासून हलत नाही. तोच दंडक येथेही पाळावा.

तिसरा प्रकार ‘मोफत’ राउटरचा. वर्षाचे शुल्क एकदम भरल्यास यंत्र विनामूल्य, अशी ही योजना असते. ती वाईटच असते असे नाही. तथापि, वर्षभराची रक्कम आगाऊ भरण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. मुदत संपल्यावर यंत्र कोणाचे? आणि मधल्या काळात सेवा सोडावी लागली, तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतील काय? उत्तर शक्यतो लेखी घ्यावे.

खात्यातून आपोआप जाणारे पैसे

देयके आता बहुधा खात्यातून किंवा कार्डावरून आपोआप भरली जातात. सोय मोठी आहे. रांगेत उभे राहणे नाही, विलंबाचा दंड नाही. परंतु जे पैसे हाताने मोजून दिले जात नाहीत, त्यांचा विसरही लवकर पडतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरून होणाऱ्या अशा आवर्ती व्यवहारांची पूर्वसूचना ग्राहकाला किमान २४ तास आधी द्यावी लागते. ही व्यवस्था १ ऑक्टोबर २०२१ पासून पूर्णतः लागू झाली. ती सूचना वाचण्यासाठी असते, पुसून टाकण्यासाठी नव्हे. वर्षातून किमान एकदा इंटरनेटचे संपूर्ण देयक उघडून त्यातील प्रत्येक ओळ कशासाठी आहे, हे पाहावे.

खरेदीपूर्वी काय विचारावे?

स्वतःचे यंत्र घ्यावयाचे ठरले, तरी थेट दुकानात जाऊ नये. प्रथम आपली जोडणी कोणत्या प्रकारची आहे, हे समजून घ्यावे. केबलचालक किंवा स्थानिक सेवादाता साध्या लॅन केबलने जोडणी देत असेल, तर काम सोपे असते. राउटरमध्ये सेवादात्याने दिलेले युजरनेम आणि पासवर्ड भरले की तो सुरू होतो. फायबरच्या जोडणीत मात्र भिंतीवर एक छोटी पेटी असते. तिला ओएनटी म्हणतात. काचेच्या तंतूतून येणाऱ्या प्रकाशाचे विद्युत संकेतांत रूपांतर करणे हे तिचे काम. या पेटीची नोंद सेवादात्याच्या यंत्रणेत असावी लागते, त्यामुळे बाहेरून आणलेली ओएनटी प्रत्येक ठिकाणी चालेलच असे नाही. अशा वेळी सेवादात्याची साधी ओएनटी ठेवून वायफायसाठी स्वतःचा राउटर तिला जोडता येतो. ओएनटी आणि राउटर एकाच पेटीत असतील, तर वायफायचा भाग वगळल्यास भाडे कमी होईल काय, हे विचारून घ्यावे. भाडे तसेच राहणार असेल, तर दुसरा राउटर घेऊन बचत होणार नाही, खर्चच वाढेल.

दुसरी बाब वेगाची. स्वस्त राउटरांपैकी अनेकांचे पोर्ट सेकंदाला १०० मेगाबिटपर्यंतच चालतात. आपली योजना २०० मेगाबिटची असेल आणि राउटर तसा असेल, तर निम्म्या वेगाचे पैसे वाया जातात. उलटपक्षी, ५० मेगाबिटच्या जोडणीसाठी दहा हजारांचा राउटर घेणे म्हणजे दोन खोल्यांच्या घराला राजवाड्याचा दरवाजा बसविणे होय. गरजेपुरते घ्यावे, पाकिटावर ‘गिगाबिट पोर्ट’, ‘ड्युअल बँड’ आणि ‘डब्ल्यूपीए ३’ हे शब्द आहेत काय, तेवढे पाहावे. यांपैकी शेवटचा शब्द सुरक्षिततेशी निगडित आहे आणि बँकेच्या ग्राहकांना तो विशेष महत्त्वाचा आहे.

आपले बँक खाते, भ्रमणध्वनीवरील यूपीआय आणि प्राप्तिकराचे विवरणपत्र, हे सर्व घरी असताना याच यंत्रातून ये-जा करते. यंत्र भाड्याचे असो वा मालकीचे, त्याचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलला पाहिजे. मालकीच्या यंत्राचा लाभ असा, की त्यातील सॉफ्टवेअर वेळोवेळी अद्ययावत करणे, पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क ठेवणे किंवा मुलांच्या वापराची वेळ ठरविणे आपल्या हाती राहते. भाड्याच्या काही यंत्रांत या सोयी ग्राहकाला खुल्या नसतात. अर्थात, हाती आलेल्या अधिकाराबरोबर जबाबदारीही येते. स्वतःचा राउटर अद्ययावत ठेवण्याचे काम दुसरे कोणी करणार नाही.

भाडे कोणासाठी योग्य?

भाडे सर्वांसाठीच अयोग्य आहे, असे मी म्हणणार नाही. आपल्या बँकेतील अनेक अधिकाऱ्यांची दर काही वर्षांनी बदली होते. आज वडोदरा, उद्या हैदराबाद, परवा गुवाहाटी. एखाद्या गावी वर्षभरच राहावयाचे असेल आणि तेथील जोडणी निराळ्या प्रकारची असेल, तर भाडे परवडते. मात्र साधा लॅन केबलने चालणारा राउटर असेल, तर तो बदलीच्या सामानात एका कोपऱ्यात मावतो आणि नव्या गावी पुन्हा उपयोगी पडतो. ज्यांनी टेलिफोनच्या तारेवर चालणारे मोडेम विकत घेतले होते, त्यांना फायबर आल्यावर ते बाजूला ठेवावे लागले, हेही खरे आहे. तंत्र बदलण्याचा धोका मालकाला सोसावा लागतो. ज्या घरी वृद्ध दांपत्य एकटे राहते आणि यंत्र बिघडताच कोणीतरी येऊन ते बदलून द्यावे अशी गरज असते, तेथे भाडे म्हणजे सेवेचे मोल ठरते. प्रश्न एवढाच, की ती सेवा खरोखर मिळते काय? मिळत असेल, तर भाडे सुखाने द्यावे.

निवडीचा अधिकार

हा केवळ शंभर रुपयांचा प्रश्न नाही, तर निवडीच्या अधिकाराचा आहे. अन्य देशांत तो कायद्याच्या कक्षेत आला आहे. अमेरिकेत एके काळी टेलिफोन कंपनीच्या तारेला बाहेरचे यंत्र जोडण्यास मनाई होती. १९६८ मध्ये तेथील दूरसंचार आयोगाने कार्टरफोन प्रकरणात ग्राहकाच्या बाजूने निर्णय दिला आणि ती मनाई मोडीत निघाली. ग्राहक स्वतःचे मोडेम किंवा राउटर वापरत असताना त्याच्याकडून उपकरणाचे भाडे आकारण्यास तेथे डिसेंबर २०२० पासून कायद्याने बंदी आहे. आपल्यापैकी ज्यांची मुले तिकडे स्थायिक आहेत, त्यांनी पुढच्या दूरध्वनीत ही गोष्ट त्यांना अवश्य विचारावी. तिकडील मासिक भाडे आपल्याहून पुष्कळ जड असते. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून कोणते यंत्र वापरावे हे ठरविण्याचा हक्क ग्राहकाला मिळाला आणि जोडणीसाठी लागणारी माहिती मागण्याची वाट न पाहता देणे सेवादात्यांना बंधनकारक झाले.

आपल्याकडेही याच दिशेने पाऊल पडावे, असे मला वाटते. उपकरणाचे भाडे देयकात स्वतंत्र ओळीत दाखवावे, स्वतःचे यंत्र आणणाऱ्याला ते माफ करावे आणि जोडणीचा तपशील मागताच द्यावा, एवढ्या तीन गोष्टी झाल्या तरी पुष्कळ साधेल. त्या होईपर्यंत प्रश्न विचारणे ग्राहकाच्या हाती आहेच. विचारणारे वाढले, की उत्तर देणाऱ्याची रीतही बदलते.

हिशेब करून जे वाचेल, ते वाहून जाऊ देऊ नये. वरील उदाहरणात पाच वर्षांत ७,०८० रुपयांच्या भाड्याऐवजी २,००० रुपयांचा राउटर घेणाऱ्या कुटुंबाचे ५,०८० रुपये वाचतात. ही रक्कम कोणाला श्रीमंत करणार नाही. पण मुलाच्या एका वर्षाच्या पुस्तकांचा खर्च तीतून निघू शकेल किंवा घरातील वृद्धांची वार्षिक आरोग्यतपासणी होऊ शकेल. खरेदीची किंमत फिटल्यानंतर दरमहा वाचणारे ते ११८ रुपये आवर्ती ठेवीत वळविले, तर ती बचत खात्यावर दिसू लागेल. तेव्हा, वाचकहो, या महिन्याचे देयक आले की त्याच्या शेवटच्या ओळीपर्यंत जावे आणि भाड्याचा आकडा दिसल्यास तो एका कागदावर मांडून साठाने गुणावा.