बुंदी रात्री का उठते?

मुलांनो, तुमच्या चुकांखाली लाल रेघ ओढायचा अधिकार आम्हां शिक्षकांचा. आज मात्र रेघ माझ्याच चुकीखाली ओढायची आहे.

जानेवारीतली गोष्ट. आमच्या चौथीतला एक मुलगा गणिताच्या तासाला चक्क बाकावर डोकं टेकून झोपला. (नाव छापायचं नाही, असं त्याने मला बजावलंय.) एरवी हा म्हणजे नुसती भिंगरी! उठवलं तर डोळे चोळत म्हणाला, "बाई, आमची बुंदी रात्री झोपूच देत नाही."

बुंदी म्हणजे त्याची कुत्री. आपली गावठीच. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, म्हणून बुंदी. पावसाळ्यात रस्त्यावर भिजताना सापडली, तेव्हा महिना-दीड महिन्याची असेल. घर दोन खोल्यांचं. रात्री ही बया मोकळी राहिली की चपला, दप्तराचा पट्टा, एकदा तर आजींचा चष्मा फस्त! शेवटी त्याच्या काकांनी पुण्याहून घडीचा, जाळीचा पिंजरा आणून दिला. 'क्रेट' म्हणतात त्याला.

पिंजरा म्हटलं की तुम्हाला कसंतरी होतं ना? मलाही झालं होतं. पण पिल्लाला हळूहळू सवय लावली, तर ती त्याला स्वतःची खोली वाटू लागते. आत ताठ उभं राहता, वळता आणि पाय ताणून झोपता आलं पाहिजे, आणि दिवसदिवस कोंडून ठेवायचं नाही. (पालकांसाठी: हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात प्राण्याला ठेवणं हा १९६० च्या कायद्यानुसार गुन्हा आहे.) बुंदी तर दहा वाजले की आपणहून आत शिरायची, ती सकाळी सहालाच बाहेर. चार महिने घरात कुणाची तक्रार नाही.

आणि एका रात्री अचानक दोन वाजता कुंई कुंई सुरू. पंजाने जाळी खरवडणं. दुसऱ्या रात्री तेच, तिसऱ्या रात्री दोनदा. आजी म्हणाल्या, "रात्रीचं कुत्रं रडणं चांगलं नव्हे." बाबांची सकाळी सहाची पाळी, त्यांची झोपमोड. येत्या रविवारी बुंदीला मामांच्या मळ्यावर सोडून यायचं ठरलं. आणि मळ्यावर सोडायचं म्हणजे कायमचं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मी गणित बाजूला ठेवलं. "सांगा बरं, बुंदी का उठत असेल?"

"थंडी वाजत असेल!" हे शक्य होतं. पिंजरा खिडकीखाली, थेट फरशीवर होता.

"दात येत असतील." हेही बरोबर! पिल्लाचे २८ दुधाचे दात साधारण चौथ्या महिन्यापासून पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात. हिरड्या नुसत्या शिवशिवत असतात.

"उंदीर, बाई!" हे उत्तर मला फार आवडलं. आपल्याला सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला जवळजवळ पंचेचाळीस हजारांपर्यंतचे. उंदरांचं आपसातलं पुष्कळसं बोलणं आपल्या कानांच्या पल्याड असतं. आपल्याला वाटतं घर शांत आहे, आणि कुत्र्याला माळ्यावर बाजार भरलेला ऐकू येतो!

मग गोचीड झाले, जंत झाले, आणि मागच्या बाकावरून "भूत!"सुद्धा आलं.

यातली एक तरी गोष्ट मी तपासायला सांगावी की नाही? नाही सांगितली. "तिला लाड हवेत," मी ठासून म्हणाले. "तीन रात्री अजिबात लक्ष देऊ नका. चौथ्या रात्री गप्प झोपेल."

तीन दिवसांनी तो वर्गाबाहेरच थांबला होता. "बाई, बुंदीने गोधडीत शू केली. त्यात लाल होतं."

माझ्या पोटात खड्डा पडला.

शाळा सुटल्यावर त्याच्या बाबांबरोबर मीही गुरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी किती पिते? शू किती वेळा करते? एकदम की थोडी थोडी?" बाबा माझ्याकडे बघतायत, मी बाबांकडे! आणि आमचा चौथीतला पठ्ठ्या घडाघडा सांगतोय, "दिवसापण सारखी खाली बसते. थेंब थेंबच होते. सोमवारपासून." त्याला सगळं ठाऊक होतं. आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.

लघवी तपासली. मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग झाला होता. कुत्र्यांत तो नरांपेक्षा माद्यांना जास्त होतो. आत जळजळते, सारखी शू लागते, रात्रभर धरवत नाही. डॉक्टर म्हणाले, "कुत्रं आपल्या झोपायच्या जागी घाण करायचं टाळतं. ती रडत नव्हती हो, दार उघडा म्हणून हाक मारत होती."

आणि त्या हाकेकडे लक्ष देऊ नका, असं सांगणारी मी!

बाबांनी घरातली तापाची अर्धी गोळी देऊ का, म्हणून विचारलं. डॉक्टरांनी दोन्ही हात वर केले. आपल्या पॅरासिटामॉलसारख्या गोळ्या कुत्र्यांना घातक ठरू शकतात, विचारल्याशिवाय कधीच द्यायच्या नाहीत. म्हातारं कुत्रं असं अचानक उठू लागलं तर सांधे दुखणं, मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह अशी कारणं असू शकतात, हेही त्यांनी सांगितलं. काही म्हाताऱ्या कुत्र्यांचा तर मेंदूच थकतो, आणि त्यांना दिवस-रात्र उमजेनाशी होते.

औषधाने बुंदी थोड्या दिवसांत बरी झाली. डॉक्टरांनी सांगितले तेवढे सगळे दिवस गोळ्या दिल्या, मध्येच सोडल्या नाहीत. पुन्हा लघवी तपासली, स्वच्छ. मळा रद्द!

पण गंमत पुढेच आहे. बुंदी बरी झाली, तरी रात्री दोनला उठायची ती उठायचीच. मी त्या मुलाला एक 'रात्रीची वही' करायला सांगितली. किती वाजता उठली, शू केली का, मग काय झालं, एवढंच लिहायचं. चार रात्रींची पानं वाचली आणि उलगडा झाला. "२ वाजता उठली. बाबांनी बाहेर नेलं. शू नाही. बाबांनी बिस्किट दिलं." चारही पानांवर बिस्किट! आजारपणात बाबांना दया आली होती, आणि बुंदीला दोन वाजताची पार्टी कळली होती.

आता माझा तो जुना सल्ला कामाला आला. शेवटची फेरी नवाऐवजी साडेदहाला, पिंजरा खिडकीपासून लांब, खाली आजींनी शिवलेली नवी जाड गोधडी, आणि कुंई कुंईला उत्तर नाही. बिस्किट तर नाहीच. पहिल्या रात्री तिने पाऊण तास गाऱ्हाणं घातलं. दुसऱ्या रात्री दहा मिनिटं.

वही मी परवा तपासायला घेतली. शेवटच्या पानावर लिहिलंय: "रात्री २ वाजता बाबा उठले. बुंदी झोपली होती. बाबांनी हाक मारली. बुंदीने एक डोळा उघडला आणि परत झोपली."